विझलेला खडा

तुर्नोवमध्ये खड्यांना पैलू पाडण्यात लिबुशेचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर सोमवारी ती पोलीस कचेरीच्या बाकावर दिवसभर बसून यायची. आज मात्र त्या कचेरीचा साहेब, कॉम्रेड ब्लाहा, स्वतःच तिच्या दारात उभा होता. बायकोच्या अंगठीसाठी तिच्याकडून घासून घेतलेला लाल गार्नेटचा खडा त्याने तिच्यासमोर आपटला.

“हा काय कोळसा करून ठेवलायस? खिडकीत धरला, दिव्याखाली धरला, चमकायचं नाव नाही!”

“चमकेल कसा? तळाचे पैलू नीट उतरते असले, की आत गेलेला उजेड त्यांच्यावर आपटून परत वर येतो. ती चमक. ह्यात उजेड आत जातो, पण परत येत नाही.”

“म्हणजे हात चुकला तुझा.”

“छे हो! तीस वर्षांत इतकं मन लावून एकही खडा घासला नव्हता मी.”

ब्लाहा लालबुंद झाला. “मला खुळा समजतेस? आत गेलेलं असं गायब कसं होईल? जातं कुठे?”

लिबुशेने हात पुसले आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“माझ्या नवऱ्याला तुमची माणसं आत घेऊन गेली, कॉम्रेड. तेव्हापासून तीन वर्षं मी तुमच्या कचेरीत हेच तर विचारतेय.”