सासऱ्यांचे नाव

परदेशात, लुवुयोच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला महिना उरला होता, आणि त्याच्याजवळ जाण्यासाठी त्याच्या बायकोने, नोझिफोने, मागितलेला व्हिसा नाकारला गेला. "अर्जदार स्त्रीला पतीच्या वडिलांचे नावही सांगता आले नाही, विवाहाच्या खरेपणाविषयी शंका आहे," असे कारण पत्रात दिले होते.

लुसिकिसिकी गावातल्या लुवुयोच्या घरात सून म्हणून पाऊल टाकल्यापासून अकरा वर्षांत तिने सासऱ्यांचे नाव एकदाही उच्चारले नव्हते. त्या मुलखात कोणतीच सून ते उच्चारत नसे. व्हिसाच्या मुलाखतीत ते विचारले तेव्हाही ती नुसती खाली पाहत राहिली होती.

म्हाताऱ्याने पत्र दोनदा वाचले. "खुशाल घे माझं नाव, पोरी. पूर्वज रागावले तर त्यांची समजूत मी काढतो. माझा लेक तिथं एकटा आहे."

"जीभ रेटायची नाही, मामंजी."

"मग मक्याच्या शेतात जाऊन सराव कर. कणसं चहाड्या करत नाहीत."

दुसऱ्या मुलाखतीत अधिकाऱ्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. नोझिफोने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मनातल्या मनात साऱ्या पूर्वजांची क्षमा मागितली आणि स्पष्ट आवाजात सांगितले, "मलुसी."

आठवड्याने दुसरे पत्र आले.



"पहिल्या खेपेस ठाऊक नसलेले नाव अर्जदार स्त्रीने या खेपेस पाठ करून सांगितले. सबब, शंका दृढ झाली आहे."