मधला बोल्ट

वादळामुळे दुपारची बोट रद्द झाली, तेव्हाच बेटावर सगळ्यांनी ओळखलं की आता समुद्राखालून येणारी वीजही जाणार. इश्बेल धावतच शेडमध्ये शिरली. तिचे वडील, लाखलन, नव्या इन्व्हर्टरच्या लोखंडी झाकणावरचा नट आवळत होते. जुना इन्व्हर्टर गेल्या वादळात जळाला होता, आणि भिंतीपलीकडे आई ऑक्सिजनच्या यंत्रावर होती.

“झालं बघ. तारेचा शेवटचा वेढासुद्धा हातानेच घातला. आता वारा काय वाटेल ते करू दे.”

इश्बेलने पेटीच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं. आतला ट्रान्सफॉर्मर देखणा झाला होता. बांगडीसारख्या गोल गाभ्यावर तांब्याची तार एकाला एक लागून बसली होती. मग तिला बोल्ट दिसला. गाभ्याच्या मधून गेलेला तो बोल्ट खाली पेटीला आवळला होता आणि वर झाकणालाही. दोन्हीकडे टेकला की बोल्ट आणि लोखंडी पेटी मिळून एक बंद वेढा होतो आणि सगळी वीज त्यातच जळते. ती नऊ वर्षांची असताना हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

“बाबा, वरून कशाला आवळलात?”

“हलायला नको म्हणून. एवढंही कळत नाही होय गं?”

ते थट्टा करत असावेत म्हणून तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. तिला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात दिवा गेला. पलीकडे यंत्राचा भोंगा वाजू लागला. लाखलननी इन्व्हर्टरच्या बटणाकडे हात नेला. तिने तो झटकून टाकला आणि पाना ओढून घेतला. पान्यातून नट दोनदा निसटला. आईचा खोकला ऐकू येत होता. शेवटी झाकण खाली आदळलं आणि तिने बटण दाबलं.

दिवा लागला. भोंगा थांबला.

“चांगलं बसवलेलं झाकण का काढलंस?” लाखलन दुखावल्यासारखे म्हणाले.

तिने भिंतीवरच्या जुन्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. त्यावर बाबांच्याच अक्षरात जाड पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘मधला बोल्ट झाकणाला लावायचा नाही. इशी, विसरलीस तर मार खाशील.’

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं.

“हुशार आहे लिहिणारा,” ते म्हणाले. “आपल्या बेटावरचाच आहे का गं?”