पोचे आलेला पेला

श्रीपादच्या तेरा वर्षांच्या मुलाने, अद्वयने, वर्गमित्राला स्टीलची बाटली फेकून मारली. भुवईला टाके पडले. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी श्रीपादला बोलावून विचारलं, "घरी कुणी वस्तू फेकतं का?" "छे, आमचं घर तसं नाही." "मग आज त्याला रागावू नका, शांतपणे बोला." शीळफाट्याच्या शाळेतून बाप-लेक स्कूटरवर डोंबिवलीला परतले. घरी आल्यावर श्रीपादने त्याला समोर बसवलं आणि आवाज सांभाळून म्हटलं, "अद्वय, जरा बोलायचंय." तेवढ्यात बायकोने येऊन श्रीपादपुढचा पोचे आलेला पेला उचलला. धाकट्या लेकीने कार्टून अर्धवट सोडून रिमोट पाठीमागे लपवला. जेवायची पानं मांडावीत तितक्या सवयीने सगळं मुकाट पार पडलं. "अगं, मी चिडलेलो नाही," श्रीपाद म्हणाला. "बरं," ती म्हणाली, पण पेला हातातच राहिला. अद्वयने चष्मा काढून खिशात ठेवला. "बोला, बाबा."