आल्फ्रेडच्या वडिलांची सही

सकाळी साडेआठला पासिर रिसच्या बस स्टँडवर अनिमेषने बाबांच्या हातातून आपली बॅग ओढून घेतली. सक्तीच्या लष्करी सेवेचा आज त्याचा पहिला दिवस होता. छावणी बेटावर होती आणि आईबाबांनाही तिथवर सोबत जाता येणार होतं.

नवऱ्याने, सुबोधने, आता गप्प बसावं, असं अनिमेषच्या आईला, संजीवनीला वाटत होतं. पण तो बोलतच राहिला.

"तुमच्या फुटबॉल क्लबातला तो जुना फोटो आठव. आल्फ्रेड. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळातला एवढा मोठा खेळाडू, पण मैदान सोडून पहिल्या महायुद्धात लढायला गेला. कुरकुर केली का त्याने?"

"पूर्ण गोष्ट माहितीये, बाबा? एकवीसच्या आतल्या मुलाला सैन्यात जायला वडिलांची सही लागायची. त्याच्या वडिलांनी दिली नाही. एकवीस झाल्यावर तो स्वतःच्या सहीने गेला. फ्रान्समध्ये मेला."

"मग?"

"मग काही नाही. मी सात वर्षांचा असताना तुम्ही माझ्या पीआरवर, इथल्या कायम रहिवासाच्या अर्जावर, सही केलीत. फ्लॅट घ्यायला तुम्हाला पीआर हवा होता. पीआर घेऊन बापाला लष्करातून सूट, मुलाला ड्यूटी. सही तुमची, डोकं भादरणार माझं. येऊ नका तुम्ही. डोन्ट कम, लाह."

बस त्याला घेऊन गेली.

"तू तरी काही बोल," सुबोध म्हणाला.

"धाकट्याचा पीआरचा अर्ज घरी टेबलावर आहे," संजीवनी म्हणाली. "रोहन सहा वर्षांचा आहे."

संध्याकाळपर्यंत त्या अर्जावर सही झालेली नव्हती. तो कुणी फाडलेलाही नव्हता.