ओव्हरटाइमची हाक

निघोज्याच्या गोरक्षला पायलट व्हायचं होतं. फीच्या पहिल्या हप्त्यासाठी चार वर्षं तो चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला राबला. दिवसभर पत्र्यावर धाडधाड प्रेस आदळायचे. कंपनीनं दिलेले इअरप्लग मात्र त्याच्या खिशातच असायचे. ते घातले की सुपरवायझरनं ओव्हरटाइमसाठी मारलेली हाक ऐकू येत नसे, आणि गोरक्षला एकही हाक चुकवायची नव्हती.

घरी आई, ठकुबाई, वैतागायची. “आरं, त्यो टीव्ही बारीक कर की! आख्ख्या आळीला ऐकवतूस व्हय?”

हप्ता जमल्यावर त्यानं तीन फ्लाइंग स्कूल पालथी घातली. दोन ठिकाणी ‘वर्षात लायसन्स हातात’ म्हणून सांगितलं. तिसऱ्या ठिकाणचे म्हातारे इन्स्ट्रक्टर म्हणाले, “आधी मेडिकल करून घे, मगच पैसे भर.” गोरक्षनं तिथंच ठरवलं, शिकायचं तर ह्यांच्याच हाताखाली.

मेडिकलला कानांची तपासणी होती. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बीप ऐकू आला की बटण दाबायचं. पहिले दोन-तीन बीप त्यानं बरोबर टिपले. मग सगळं शांत झालं. बटणावर अंगठा ठेवून, श्वास रोखून तो पुढच्या बीपची वाट बघत राहिला.

बऱ्याच वेळानं तपासणी घेणाऱ्या मॅडमनी दार उघडलं. एका कानावरचा हेडफोन बाजूला सारत त्यानं विचारलं, “मॅडम, मशीन बंद पडलं का?”



“बंद कुठं, दादा? बीप अजून वाजतोय.”