तीन रेघा

चूक पडद्यावर आली आणि सभागृहात हशा पिकला.

चेक भाषेत ‘आम्ही’ आणि ‘मला’ हे शब्द कानाला सारखेच; लिहिताना फक्त इकार वेगळा. ओटाकरला ‘हे आम्ही बनवलं’ म्हणायचं होतं. पडद्यावर ‘हे मला बनवलं’ आलं होतं.

“ओटा, शाळेत छड्या कमी पडल्या का रे?” पहिल्या रांगेतून लुबोर ओरडला.

“थांब जरा. व्लास्ता दुरुस्त करेल.”

हशा विरला. ओटाकरच्या बायकोला, व्लास्ताला, मेंदूचा झटका आल्याचं ब्रनोच्या या प्रोग्रॅमर मंडळींना ठाऊक होतं. तेव्हापासून ती एक शब्दही बोलली नव्हती. तिला वाचता तरी येतंय का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. सकाळी त्याने तिच्या पलंगावर लॅपटॉप ठेवून त्यात या भाषणाची फाइल उघडली होती. चूक त्याने मुद्दाम केली होती.

तो सपाट आवाजात बोलत राहिला. साध्या मजकुरातून पानं दाखवणारा हा प्रोग्रॅम दोघांचा. रचना मात्र तिची. एक भाग फाइल वाचतो, दुसरा पडद्यावर पान मांडतो. फाइल बदलली की पडदा बदलतो, मग बदलणारा कुठेही बसलेला असो. आजवर प्रत्येक भाषणात ती घरी बसून त्याचे इकार सुधारत आली होती. फाइलमध्ये तीन आडव्या रेघा ओढल्या की पान संपतं आणि नवं सुरू होतं. रेघा पडद्यावर कधीच दिसत नाहीत. घरात वाद लांबला की व्लास्ता बोटाने हवेत तीन रेघा ओढायची. “झालं. पुढचं पान.”

इकार बदलला नाही. ओटाकरने पाण्याचा घोट घेतला.

अखेर स्वतःच दुरुस्ती करायला त्याने हात पुढे केला आणि त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे पानाचा क्रमांक ‘१४ पैकी ९’ असायला हवा होता. ‘१५ पैकी ९’ होता.

फाइल त्या दोघांखेरीज कुणालाच उघडता येत नसे.

“अरे, चूक तशीच आहे की,” लुबोर हळूच म्हणाला.

“असू दे.” ओटाकरने कळ दाबली. “पुढचं पान.”

ते कोरं होतं.