बाराच्या आत

दिल्ली पडल्यावर राजधानी नागपूरला आली आणि मागोमाग बॉम्बही आले. काल राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, सरन्यायाधीश गेले. माझी बायको मथुराही गेली.

घाटावर मथुरेच्या चितेशेजारी एक वयस्कर न्यायाधीशबाई नवऱ्याच्या चितेपाशी बसल्या होत्या. एक अधिकारी धावत आला. "मॅडम, सर्वोच्च न्यायालयाच्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून आता राष्ट्रपती तुम्हीच. बाराच्या आत शपथ घ्या, नाहीतर सेनापती देश ताब्यात घेतील."

"कवटी फुटायच्या आत ह्यांना एकटं कसं सोडू?" त्या रडत म्हणाल्या.

"बाई, तुम्ही जा," मी म्हणालो. "दोघांपाशी मी बसतो."

बारा वाजता घाटावरच्या रेडिओतून त्यांची शपथ ऐकू आली. आवाज जरासुद्धा कापत नव्हता. लाकडं रचणारे उठून उभे राहिले.

मी त्यांच्या नवऱ्याच्या चितेकडे वळलो. "साहेब, ऐकलंत ना?"